डॉ. रखमाबाई : नांदायला न गेलेली मुलगी

इ. स. १८८७ च्या मार्च महिन्याची ४ तारीख. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे एका खटल्याचा निकाल लागला. खटला दिवाणी होता. चोरी, दरोडा, खून यांच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. प्रतिवादी होती बावीस वर्षांची एक मराठी मुलगी. तिचा अपराध एवढाच, की अकराव्या वर्षी ज्याच्याशी तिचे लग्न लावून देण्यात आले होते, त्याच्या घरी ती नांदायला जात नव्हती. कोर्टाने हुकूम केला, की एका महिन्याच्या आत तिने नवऱ्याच्या घरी राहावयास जावे. न गेल्यास सहा महिने कैद. मुलीने कैद पत्करण्याची तयारी दाखविली, आणि हां हां म्हणता ही बातमी मुंबईहून लंडनपर्यंत पोहोचली.

या मुलीचे नाव रखमाबाई. कोणी रुखमाबाई असेही लिहितात. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. आनंदीबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकामुळे आपणां सर्वांना ठाऊक असते. रखमाबाईंचे नाव मी कॉलेजात येईपर्यंत ऐकलेही नव्हते. इतिहासाच्या तासाला संमतिवयाचा कायदा शिकविताना सरांनी हा खटला दोन वाक्यांत सांगितला आणि ते पुढे गेले. मी मात्र तिथेच अडकून पडले. त्याला एक कारण घडले होते, ते सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पोस्टाने काहीही कागद आला, की तो वाचायला माझ्याकडे येतो. पीकविम्याचा असो, नाहीतर वीजबिलाचा. गेल्या वर्षी मावशीकडून असाच एक कागद आला. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याने वकिलामार्फत पाठविलेली ती नोटीस होती. पंधरा दिवसांत नांदावयास यावे, न आल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ अन्वये कोर्टात अर्ज करण्यात येईल, असा तिचा मजकूर. ती का परत आली, हे सगळ्या घराला ठाऊक होते. त्या कागदात मात्र ती विनाकारण घर सोडून गेली असे लिहिले होते. मी मोठ्याने वाचत होते आणि सगळे ऐकत होते. नांदणे हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. नांदा सौख्यभरे, असे लग्नपत्रिकेत छापतात. तोच शब्द वकिलाच्या कागदावर पाहिला, तेव्हा तो मला पहिल्यांदाच परका वाटला. म्हणून सरांनी खटल्याची गोष्ट सांगताच मी तास संपल्यावर ग्रंथालयात गेले. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले रखमाबाईंचे चरित्र तिथे होते. पुढे आणखीही वाचायला मिळाले. त्यातून समजले ते येथे लिहीत आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई, जात सुतार. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना ही मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. म्हणजे आज आपण ज्या वयात अकरावीचा प्रवेश घेतो, त्या वयात त्यांचा संसार सुरू होऊन संपलाही होता. परंतु त्यांच्या जातीत विधवेने पुन्हा लग्न करण्यास मनाई नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुराशी विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. ही मालमत्ता लक्षात ठेवावी, पुढे खटल्यात तिच्यावरून पुष्कळ चिखलफेक झाली.

डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळातील मुंबईतले नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते, त्यांतले हे एक. रखमाबाईंना सख्खा बाप आठवतही नसेल. बाप म्हणून त्यांनी पाहिले ते यांनाच. पुढे जे काही झाले, त्याची मुळे या घरात आहेत असे मला वाटते. पण एवढा शिकलेला माणूसही रूढीपुढे नमला, हे सांगितलेच पाहिजे. मुलगी अकरा वर्षांची असताना तिचे लग्न झाले ते याच घरातून. नवरा दादाजी भिकाजी हा डॉक्टरांच्या नात्यातलाच, वयाने तिच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा आणि गरीब. ठरले असे, की त्याने सासुरवाडीस घरजावई म्हणून राहावे, डॉक्टरांनी त्याचा खर्च चालवावा आणि त्याने शिकून शहाणे व्हावे.

सहा-सात महिन्यांत मुलगी वयात आली. रिवाजाप्रमाणे गर्भाधानाचा विधी व्हायचा. येथे मात्र डॉक्टर आडवे पडले. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात मुली कशा मरतात, हे त्यांनी धंद्यात पाहिले होते. त्यांनी विधी होऊ दिला नाही. दादाजीला ते रुचले नाही. त्यातून विशी उलटायला आलेल्या माणसाने सहाव्या इयत्तेत लहान मुलांच्या शेजारी बसायचे, हेही त्याला जमेना. तो शाळा सोडून मामाकडे, नारायण धुरमाजी यांच्याकडे, राहायला गेला. त्या घरात मामाने एक बाई आणून ठेवलेली होती आणि त्यापायी मामीने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. पुढे दादाजीला क्षयाचे दुखणे लागले व तो काही वर्षे अंथरुणाला खिळला. त्यातून तो वाचला. पण शिक्षण गेले ते गेलेच.

इकडे रखमाबाई घरी शिकत होत्या. लग्नाबरोबर शाळा सुटली होती. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या वाचत. घरी डॉक्टरांकडे सुधारक मंडळींचे जाणे-येणे असे. विधवाविवाहाचे कैवारी विष्णुशास्त्री पंडित त्यांतलेच. आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या व पुढे आर्य महिला समाजाच्या सभांना जात. अशा रीतीने एकाच लग्नातली दोन माणसे दोन दिशांना वाढत गेली. एक वाचत होती, एक कर्जात बुडत होता. खटला पुढे दहा वर्षांनी उभा राहिला, पण त्याचे खरे कारण या दहा वर्षांत आहे.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत डॉक्टरांना नोटीस दिली, की माझी बायको माझ्या घरी पाठवा. डॉक्टरांनी वकिलामार्फतच उत्तर दिले, की मी तिला अडवून ठेवलेले नाही. जाणे न जाणे तिच्याकडे आहे. हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. मुलगी ही बापाने पाठवायची किंवा ठेवून घ्यायची वस्तू असे सगळे धरून चालले असताना, तिला स्वतःचे काही म्हणणे असू शकते हे त्यांनी कायद्याच्या कागदावर आणले. दादाजीने मग रखमाबाईंवरच दावा लावला. खटला सुनावणीस येण्याआधी १६ एप्रिल १८८५ रोजी डॉक्टर वारले. पाठीराखा बाप गेला. राहिली आई, आजोबा आणि वीस वर्षांची मुलगी.

या मुलीने तेव्हा एक धाडस केले. जून आणि सप्टेंबर १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया या पत्रात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने दोन पत्रे छापून आली. एक बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. बेहरामजी मलबारी यांनी याच विषयावर १८८४ साली टिपणे प्रसिद्ध करून रान उठविले होते. परंतु पुरुषाने बालविवाहावर लिहिणे वेगळे, आणि बालविवाह झालेल्या मुलीने लिहिणे वेगळे. लेखिका म्हणजे रखमाबाईच, हे पुढे उघड झाले.

१९ सप्टेंबर १८८५ रोजी खटला न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे आला आणि २१ तारखेला त्यांनी निकाल दिला, तोही रखमाबाईंच्या बाजूने. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. जे दांपत्य एकत्र राहत होते आणि वेगळे झाले, त्यांना पुन्हा एकत्र राहा असे सांगता येईल. येथे हे दोघे पतिपत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत. कळत नसलेल्या वयात लग्न लागलेल्या मुलीला मोठेपणी तिच्या इच्छेविरुद्ध त्या पुरुषाच्या ताब्यात देणे त्यांना रानटीपणाचे वाटले, आणि हिंदू कायद्यात तसे करण्यास आधार सापडत नाही म्हणून त्यांनी दावा फेटाळला.

या निकालाने महाराष्ट्रात जे वादळ उठले, त्याची आज कल्पना येणे कठीण. विश्वनाथ नारायण मंडलिक हे स्वतः मोठे कायदेपंडित. त्यांच्या नेटिव्ह ओपिनियन पत्राने दादाजीची बाजू घेतली. पुण्यात टिळकांच्या पक्षाने पिन्हे यांच्यावर कडक टीका केली. हिंदूंचा विवाह हा संस्कार आहे, करार नाही. तो सप्तपदीने पुरा होतो, त्याला वधूच्या संमतीची गरज नाही. परक्या न्यायाधीशाने आमच्या धर्मात हात घालू नये, असा या मंडळींचा सूर होता. त्याच पुण्यात आगरकर दुसऱ्या बाजूला होते. १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. लोकमान्यांविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे, माझ्याही आहे. वर्गात हा विषय निघाला तेव्हा काही मित्रांना राग आला, हेही मला माहीत आहे. पण झाले ते झाले. मोठ्या माणसाची एक बाजू लिहिली म्हणून दुसरी पुसली जात नाही.

आता यातली खरी गंमत सांगते. गंमत म्हणावी की विपर्यास, हे वाचकांनी ठरवावे. हिंदू धर्म बुडाला अशी ओरड ज्या दाव्यावरून झाली, तो दावा मुळात हिंदू नव्हताच. वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना, म्हणजे नांदावयास या असा हुकूम मागण्याचा दावा, हा इंग्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांत जन्मलेला. इंग्रजांबरोबर तो येथे आला. १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात असा दावा येथील लोकांनाही लावता येईल असे ठरविले. आमच्या धर्मशास्त्रांत पत्नीने पतीच्या घरी राहावे असे सांगितलेले असेल. पण न राहिल्यास तिला सरकारी तुरुंगात घाला, असे नाही. ती तरतूद १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली. हुकूम न पाळणाऱ्यास कैद किंवा मालमत्तेची जप्ती, अशी ती होती. शिवाय रखमाबाईंच्या जातीत तर खुद्द त्यांच्या आईने दुसरा विवाह केलेला. ब्राह्मणेतर अनेक जातींत पंचांसमोर काडीमोड होत असे. म्हणजे चर्चचा दावा, सरकारचा तुरुंग आणि वरच्या जातींचे शास्त्र, या तिन्हींची मोट बांधून ती एका सुताराच्या मुलीच्या गळ्यात अडकविण्यात आली, आणि तिला नाव दिले गेले हिंदू धर्माचे.

आणखी एक. खुद्द इंग्लंडात या हुकमापायी होणारी कैद १८८४ सालीच रद्द झाली होती. तीही का? जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईने नवऱ्याविरुद्ध असा हुकूम मिळविला आणि नवरा परत येईना. आता नवऱ्याला तुरुंगात पाठवावे लागेल अशी वेळ आली, तेव्हा पार्लमेंटने घाईने कायदाच बदलला. तिकडे एक पुरुष वाचला. इकडे तीन वर्षांनी त्याच जुन्या नियमाने मुलीला शिक्षा होत होती.

दादाजीने अपील केले. सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्यापुढे मार्च १८८६ मध्ये सुनावणी झाली. रखमाबाईंच्या वतीने इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग उभे राहिले. २ एप्रिलला निकाल फिरला. विवाह पुरा झालेला आहे, एकत्र राहिले नव्हते म्हणून दावा चालत नाही असे म्हणता येत नाही, असे ठरवून खटला पुन्हा चौकशीसाठी खाली पाठविण्यात आला. तो फॅरन यांच्यापुढे आला आणि ४ मार्च १८८७ चा तो हुकूम झाला.

रखमाबाई नवऱ्याकडे का गेल्या नाहीत, याची कारणे कोर्टापुढे मांडली होती. त्याचे दारिद्र्य, त्याची प्रकृती, मामाच्या घरातील वातावरण. परंतु या सगळ्यांच्या खाली एक कारण होते, आणि तेच सर्वांना झोंबले. हे लग्न मी केलेले नाही, ते माझ्या बाबतीत करण्यात आले, हे त्यांचे म्हणणे. गरीब नवरा नको म्हणणारी बाई लोकांनी एक वेळ समजून घेतली असती. लग्नच मान्य नाही म्हणणारी कुठल्या चौकटीत बसवायची? दादाजीनेही आपली कैफियत छापून काढली. मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून आई व आजोबा मुलीला पाठवीत नाहीत, असा त्याचा आरोप. रखमाबाईंनी त्याला छापील उत्तर दिले. सासरमाहेरच्या सगळ्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या. आमच्या गावातही कोर्टात गेलेल्या मुलीच्या वाट्याला हेच येते. फक्त तिथे छापखाना नसतो, पार असतो.

शिक्षेच्या बातमीने इंग्लंडात खळबळ उडाली. ९ एप्रिल १८८७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रखमाबाईंचे पत्र प्रसिद्ध झाले. ते राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. या मुलीने राणीकडे मागितले काय? स्वतःची सुटका नव्हे. मुलाचे वय वीस आणि मुलीचे पंधरा होण्यापूर्वी झालेले लग्न कोर्टाने कायदेशीर धरू नये, एवढा एक नियम. संस्कृतचे पंडित मॅक्स म्युल्लर यांनीही या वादात टाइम्सला पत्र लिहिले. तिकडच्या वृत्तपत्रांत पत्रांवर पत्रे येऊ लागली. मुंबईत मलबारी आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ (हे त्या प्रसिद्ध कवीचे नातू) यांच्या पुढाकाराने रखमाबाईंच्या बचावासाठी समिती उभी राहिली. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेत होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियात निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी हा खटला अमेरिकन वाचकांपुढे मांडला. इंग्लंडातील आपल्या एका शिक्षिकेस लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी इंग्रज सरकारलाच धारेवर धरले. बायकांना संरक्षण देण्याच्या बाता मारणारे हे सरकार प्रत्यक्षात येथल्या पुरुषांना खूश ठेवण्यासाठी बायकांचा बळी देते, अशा आशयाचे ते पत्र आहे.

या परदेशी आरडाओरडीबद्दल माझे मत पूर्ण बनलेले नाही. तिचा उपयोग झाला, हे खरेच. सरकार पेचात सापडले. जगासमोर या मुलीला तुरुंगात टाकणे त्याला परवडणारे नव्हते. पण तिकडच्या कित्येकांना रखमाबाईंपेक्षा हिंदू लोक कसे रानटी आहेत, हे दाखविण्यात अधिक रस होता. रानटी शिक्षा आपल्याच कायद्याच्या पुस्तकातली आहे, हे त्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकले. आणि त्यामुळे येथल्या लोकांना सांगायला मोकळीक झाली, की ही मुलगी परक्यांच्या नादी लागली. दोन्हीकडच्या पुरुषांनी एकमेकांना मारायला तिला काठीसारखे वापरले. काठीला बोलता येत होते, हे पंडिता रमाबाईंसारख्या थोड्यांनीच ओळखले.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. फॅरन यांच्या निकालावर त्यांच्या बाजूने अपील झाले, आणि ते पुरे चालण्याआधी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून लग्न मोडले, अशी हकीकत बऱ्याच ठिकाणी छापलेली आढळते. ती ऐकायला बरी वाटते, पण प्रकरण मिटले ते या दोन हजारांनी. पुढील वर्षी दादाजीने दुसरे लग्न केले. पुरुषाला दुसऱ्या लग्नाची आडकाठी नव्हतीच. रखमाबाईंवर हक्क सांगत असतानाही तो ते करू शकला असता.

आता त्यांच्यापुढे प्रश्न होता, पुढे काय? कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकी शिकण्यास उत्तेजन दिले. या पीचीबाई म्हणजे एडिंबरो विद्यापीठात मुलींना वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून भांडलेल्या पहिल्या सात जणींपैकी एक. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी झटणाऱ्या ईव्हा मॅक्लॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पैसा उभा केला. १८८९ साली रखमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तेव्हा तेथे डीन होत्या. अकराव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी पंचविशीत पुन्हा बाकावर बसली. दादाजीला जे विशीत जमले नाही, ते तिने करून दाखविले. पाच वर्षांत अभ्यास पुरा करून, स्कॉटलंडमधल्या परीक्षा देऊन, १८९४ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवी मिळविली.

वैद्यकी करणारी पहिली हिंदी स्त्री, असे त्यांच्याविषयी लिहितात. ते बरोबर नाही. बंगालच्या कादंबिनी गांगुली त्यांच्याआधीच कलकत्त्यात काम करीत होत्या. रखमाबाईंना अशा पहिलेपणाची गरजही नाही. १८९५ पासून वीस-बावीस वर्षे त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख होत्या. प्लेगच्या दिवसांतही त्यांनी काम सोडले नाही. १९१८ मध्ये सरकारी वैद्यकीय सेवेची जागा त्यांना देऊ केली होती. ती नाकारून त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. तेथे त्यांनी रेडक्रॉसची शाखा काढली. पस्तीस वर्षे बाळंतपणे केली, असे एका ओळीत लिहून होते. पण त्यांतल्या किती माता बारा-तेरा वर्षांच्या असतील! ज्या अंथरुणावर त्या स्वतः मरू शकल्या असत्या, त्याच्या उशाशी त्या रोज उभ्या राहत होत्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

या सगळ्या चरित्रात मला न सुटलेले एक कोडे आहे. १९०४ साली दादाजी वारला. तेव्हा रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरे लुगडे नेसावयास सुरुवात केली. जे लग्न मान्य नाही म्हणून तुरुंगात जायची तयारी केली, त्याच लग्नाचे वैधव्य त्यांनी आपण होऊन घेतले. हे वाचले तेव्हा मला त्यांचा चक्क राग आला. मैत्रिणींशी बोलले. एक म्हणाली, की सुरतेसारख्या गावात सनातनी घरांत बाळंतपणाला जायचे, तर डॉक्टरीणबाईला विधवेचा वेष सोयीचा पडत असेल. दुसरीचे म्हणणे, की रूढी रक्तातून इतक्या लवकर जात नाही. आजीला विचारले. आजीचे लग्न बाराव्या वर्षी झालेले. तिला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, अगं, माणूस मेला की भांडण संपते. मला यातले कुठलेच उत्तर पुरे वाटत नाही. पण आता राग राहिलेला नाही. आम्हांला हवी तशीच त्यांनी वागायला पाहिजे होती, हा हट्ट त्यांच्या काळच्या लोकांनी केला होता. आपणही तोच करण्यात अर्थ नाही.

त्या बदलल्या नव्हत्या हे दाखवायला आणखी एक गोष्ट आहे. १९२९ मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पडदापद्धती बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या आणि तेथेच २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षे पुरी करून, वारल्या.

एवढे आयुष्य मिळाल्यामुळे त्यांना पुष्कळ काही पाहायला मिळाले. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर आले. त्या कायद्यामागे मलबारींची चळवळ होती, आणि त्यांच्या खटल्याने पेटलेला वादही होता. १९०८ च्या नव्या संहितेत नांदण्याच्या हुकमापायी कैद न देण्याची मुभा कोर्टाला मिळाली आणि १९२३ साली ती कैद अजिबात रद्द झाली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. त्यांनी टाइम्समधल्या पत्रात मागितलेले पंधरा हे वय हिंदू विवाह कायद्यात आले, ते मे १९५५ मध्ये. त्यांच्या मृत्यूच्या चार महिने आधी. मात्र त्या वयाआधी झालेले लग्न कायदेशीर धरू नये, ही त्यांच्या मागणीतली खरी गोष्ट तेव्हाही आली नाही. लावणाऱ्यास शिक्षा, पण लागलेले लग्न कायम! आणि त्याच कायद्यात कलम ९ घालून तो जुना दावा पुन्हा लिहून ठेवण्यात आला. इंग्लंडने १९७० मध्ये तो काढून टाकला. आपल्याकडे १९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरविले होते. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरले. आता त्यापायी तुरुंग नाही, मालमत्तेची जप्ती होऊ शकते. माझ्या मावसबहिणीच्या नावे एक शिवणयंत्र आहे, तेही बचत गटाच्या कर्जातले.

दिवाळीत ती आमच्याकडे आली होती, तेव्हा मी तिला ही सारी हकीकत सांगितली. पिन्हे, फॅरन, लंडनचा टाइम्स यांत तिला फारसा रस दिसला नाही. रखमाबाई डॉक्टर झाल्या त्या खटल्याच्या आधी की नंतर, एवढेच तिने विचारले. नंतर, असे मी सांगितले. तिने बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. इंग्रजी तिचे कच्चे आहे. दर रविवारी मी तिच्याकडून करून घेते.

(द्वितीय वर्ष, कला)